टेकडीवरचं पंचांग

खोऱ्यातले लोक दुलमाला 'पंचांग' म्हणत. तोंडावर दुलमाताई, पाठीमागे पंचांग. गोम्बो तेवढा तोंडावरही पंचांगच म्हणायचा, कारण गोम्बोच्या जिभेला हाड नव्हतं आणि त्याची गेर, म्हणजे लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू, दुलमाच्या गेरपासून हाकेच्या अंतरावर होती. एवढ्या जवळच्या माणसाचं बोलणं मनाला लावून घेत बसलं तर माळावर राहणंच नको.

दुलमा साठीला टेकलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मेंढ्या, बकऱ्या, थोड्या गायी, एक म्हातारा घोडा आणि एक बटणांचा फोन एवढा तिचा संसार. बाकी जे काही होतं ते कोरियात होतं. उयांगा, तिची एकुलती एक मुलगी, नवऱ्याबरोबर इंचॉनला शिवणाच्या कारखान्यात कामाला गेली होती आणि आता पहिलटकरीण होती. दिवस भरत आले होते. परका मुलूख, परक्या भाषेतला दवाखाना आणि जवळ आई नाही. उयांगा कधी कारखान्यातून फोन करी, कधी मैत्रिणीच्या फोनवरून, कधी कार्ड टाकून रस्त्यावरून. तिचा ठरलेला असा नंबरच नव्हता, त्यामुळे दुलमाला उलटा फोन करता येत नसे. येईल तो घ्यायचा, एवढंच तिच्या हाती होतं. "बाळ झालं की सगळ्यात आधी तुला कळवीन गं आई," असं उयांगा मागच्या खेपेला म्हणाली होती, आणि त्या एका वाक्यावर दुलमा दिवस ढकलत होती.

रोज सकाळी चहा उकळला की ती लाकडी पळी घेऊन गेरच्या बाहेर उभी राहायची. दुधाची एक पळी आभाळाला, एक डोंगराला, एक नदीला, एक जनावरांना. मग आणखी एक कोरियाला. कोरिया नक्की कुठल्या अंगाला हे तिला ठाऊक नव्हतं. गोम्बोने एकदा चाबकाच्या दांडक्याने खिंडीकडे दाखवलं होतं, तेवढ्यावर भिस्त ठेवून ती तिकडे जरा जोरात दूध उडवायची, लांबचा पल्ला म्हणून.

मग फोन नमद्याच्या पिशवीत घालून टेकडी चढायची. खोऱ्यात फोनला आवाज मिळायचा तो फक्त टेकडीच्या माथ्यावर, जिथे देवाच्या दगडांची रास आहे आणि तिला निळी वस्त्रं बांधलेली आहेत, तिथे. देवाला आणि फोनला एकच जागा आवडावी याचं कुणालाच नवल वाटत नव्हतं. दुलमा राशीला प्रदक्षिणा घालायची, दगड ठेवायची आणि मग फोन उंच धरायची. टिंग व्हायचं. 'आज वाघाचा दिवस. केस कापण्यास उत्तम. नवे कापड बेतू नये.' किंवा, 'आज सापाचा दिवस. प्रवासास निघावे. औषध सुरू करू नये.'

ती वाचायची, कपाळाला फोन लावायची आणि थंडीने आखडलेल्या अंगठ्याने एकेक अक्षर दाबत उत्तर पाठवायची. 'लामाजी, उपकार झाले. आपल्याला उदंड आयुष्य लाभो.'

हे लामाजी म्हणजे तालुक्याच्या देवळातले म्हातारे लामा. मागच्या शरदात उयांगाला दिवस गेल्याची बातमी आली, तेव्हा दुलमा तिच्यासाठी पाठ वाचून घ्यायला देवळात गेली होती. दारापाशी बसलेल्या तरुण शिष्याने लेकीचं नाव लिहून घेतलं, दुलमाचा फोन नंबर लिहून घेतला. पाठ झाला की कळवू म्हणाला. आणि थोड्याच दिवसांत टेकडीवर पहिला संदेश आला. आजचा दिवस कसा आहे ते त्यात होतं, आणि खाली होतं, 'रोज हवे असल्यास उत्तर पाठवा.' दुलमाच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढा मोठा माणूस, शंभर घरांचा व्याप मागे, आणि आपल्यासारख्या एकट्या बाईची रोज आठवण ठेवायला तयार! तिने तिथल्या तिथे उत्तर पाठवलं. घेताना दोन्ही हातांनी घ्यावं आणि कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे तिला आईने शिकवलं होतं. शेजारणीने दूध पाठवलं तर त्या भांड्यात चार दह्याच्या वड्या तरी घालूनच ते परत जायचं. संदेशाचं काय वेगळं? त्यानंतर एकही सकाळ तिने लामाजींचं भांडं रिकामं पाठवलं नाही. उलट मालमोटार तालुक्याला निघाली की ती ड्रायव्हरच्या हाती कधी लोण्याची पिशवी, कधी वाळवलेल्या दह्याच्या वड्या देवळात धाडायची. "दुलमाने दिलंय म्हणावं. एवढंच सांग, त्यांना कळेल."

हळूहळू अख्खं खोरं तिच्या दारी येऊ लागलं. कुणाला मुक्काम हलवायचा होता, कुणाला जावळ काढायचं होतं. दुलमा चहा पाजायची, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, बोर्त्सोगची परात पुढे सरकवायची आणि दिवस सांगायची. गोम्बोच्या पाच वर्षांच्या धाकट्याचं जावळ तिनेच सांगितलेल्या दिवशी निघालं. निळं वस्त्र बांधलेली कात्री हातोहात फिरली, प्रत्येकाने एकेक बट कापली आणि प्रत्येक जण पोराकडे बघून कौतुकाने म्हणाला, "काय हे ध्यान! केवढं कुरूप पोर!" इकडे कुणीही लेकराला गोंडस म्हणत नाही. आसपास फिरणाऱ्या वाईटसाईटाने ऐकलं तर दृष्ट लागायची. पोर जेवढं लाडकं तेवढं कुरूप. गोम्बोचं धाकटं त्या दिवशी खोऱ्यातलं सगळ्यात कुरूप पोर होतं, आणि गोम्बोची छाती फुगली होती.

एक गोष्ट मात्र दुलमाला कळत नव्हती. फोनमध्ये युनिट टिकत नव्हते. आपल्याकडे फोनमध्ये भरायच्या पैशाला युनिट म्हणतात, आणि वसंतात बकऱ्यांची लोकर विकली जाईपर्यंत घरोघर रोकडीचा ठणठणाट असतो, तेव्हा एकमेकांना फोनमधून युनिट पाठवूनच माणसं निभावून नेतात. दुलमा कुणाला फोन करत नव्हती. तरी भरलेले युनिट बघता बघता गायब.

"फोन जुना झालाय," ती म्हणायची. "थंडीत जास्त खातो."

"माझा मेहुणासुद्धा थंडीत जास्त खातो," गोम्बो म्हणायचा, "पण तो निदान तसं कबूल करतो."

वसंत लागला. वारा सुटला, धूळ उडू लागली, मेंढ्या विऊ लागल्या. आणि एके सकाळी टेकडीवर टिंग झालंच नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लामाजी रागावले की काय? की आजारी पडले? लोणी जरा जुनं गेलं होतं का मागच्या वेळी? आणि लामाजींपेक्षा मोठी काळजी म्हणजे उयांगाचाही फोन नव्हता. दिवस तर केव्हाचे भरले. दुलमा सकाळी टेकडीवर, दुपारी टेकडीवर, संध्याकाळी मेंढ्या आत घेतल्या की पुन्हा टेकडीवर. कोकरं ओरडायची, आणि ही आपली फोन वर धरून देवाच्या राशीभोवती फिरतेय.

गोम्बो घोडे हुडकायला दुर्बीण घेऊन माथ्यावर आला तेव्हा ती राशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला.

"काय पंचांग, आज रडायला चांगला दिवस आहे वाटतं?"

एरवी तिने त्याला सुनावलं असतं. आज नुसतं म्हणाली, "उयांगाचा फोन नाही रे."

गोम्बोचा सूर तिथेच उतरला. त्याने आपला फोन काढला आणि तिचा नंबर लावला. दोघं शेजारी बसलेली, दुलमाचा फोन मांडीवर. तो काही वाजेना. गोम्बोने आपला फोन तिच्या कानाला लावला. आतली बाई गोड आवाजात सांगत होती की हा नंबर तूर्तास बंद आहे.

"बंद?" दुलमा उठून उभी राहिली. "म्हणजे ती लावत असेल आणि तिला ही बाई बोलत असेल?"

"युनिट संपले असतील ताई. थांबा, मी पाठवतो." गोम्बोने आपल्याकडच्यातले युनिट तिला पाठवले. दुलमाचा फोन थरथरला. युनिट आले. नंबर सुरू झाला. तिने देवाकडे बघून हात जोडले, आणि तेवढ्यात टिंग. पुन्हा टिंग. पुन्हा. अडकून पडलेले संदेश एकापाठोपाठ एक येऊन पडले. वाघाचा दिवस, सशाचा दिवस, ड्रॅगनचा दिवस.

"आले!" दुलमाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "लामाजी रागावले नाहीत रे!"

गोम्बोने पुन्हा नंबर लावून पाहिला. पुन्हा तीच गोड बाई.

तो भुवया आक्रसून फोनकडे बघत राहिला. मग आपल्याकडे उरलेले युनिट त्याने झाडून पाठवले आणि या वेळी दुलमाचा फोन स्वतःच्या हातात धरला. युनिट आले. टिंग. युनिट गेले. त्याच्या डोळ्यांदेखत गेले.

"ताई," गोम्बो म्हणाला, "इथे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. तुमचे लामाजीच युनिट खातायत."

"जीभ झडेल मेल्या तुझी!"

"अहो, बघा तरी! हा संदेश आला की युनिट जातात. फुकट नाहीये हे. हे बंद केल्याशिवाय नंबर उघडा राहणार नाही, कितीही भरा. कळवा त्यांना, नको म्हणावं."

दुलमाने फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि अंगातल्या लांब झग्याच्या, देलच्या आत, छातीशी धरला. "नको म्हणू? आत्ता? लेक तिकडे बाळंत व्हायला टेकलीय आणि मी इथे बसून लामाच्या आशीर्वादाला नको म्हणू? उद्या काही वेडंवाकडं झालं तर तू निस्तरणार आहेस?"

गोम्बो देवाधर्मात फारसा नसला, तरी बाळंतपणाच्या बाबतीत फाजील शहाणपणा करायचा नसतो हे त्यालाही कळत होतं. पण दुलमा पुरती कात्रीत सापडली होती. संदेश चालू ठेवावा तर लेकीचा फोन येणार नाही, बंद करावा तर लेकीवरचं छत्र जाणार. ती राशीपाशी बसली आणि खरोखरच रडायला लागली. रडायला कुठलाही दिवस चालतो.

गोम्बो थोडा वेळ दुर्बिणीतून उगाचच लांब बघत राहिला. घोडे समोरच चरत होते. मग म्हणाला, "उठा. मोटरसायकल काढतो. लामाजींनाच विचारू. त्यांनी सुरू केलंय, तेच परवानगी देतील."

"आणि माझ्या विणाऱ्या मेंढ्या?"

"माझी बायको बघेल. तिला नाहीतरी तुमच्या मेंढ्या माझ्यापेक्षा जास्त आवडतात."

दुलमाने नवा देल घातला, लोण्याची ताजी पिशवी घेतली आणि गोम्बोला घट्ट धरून मागे बसली. नदी, खिंड, मग सरळ माळ. वारा तोंडावर माती मारत होता. वाटेत ती मनातल्या मनात लामाजींना काय सांगायचं ते जुळवत होती. महाराज, तुमचा आशीर्वाद मला परवडत नाही. छे. महाराज, थोडे दिवस थांबवा, लोकर विकली की पुन्हा सुरू करू. हेही बरं दिसत नव्हतं. तालुक्याच्या गावात पोचेपर्यंत तिला एकही वाक्य धड सुचलं नाही.

म्हातारे लामा देवळाच्या पायरीवर ऊन खात बसले होते. गोम्बोने रिवाजाप्रमाणे तपकिरीची कुपी पुढे केली, त्यांनी हुंगली, आपली दिली. मेंढ्या कशा व्यायल्या, गवत कसं आहे, सगळं विचारून झालं. दुलमाने लोण्याची पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरली.

"मी दुलमा. खालच्या खोऱ्यातली."

लामांचा चेहरा उजळला. "अरे वा! दुलमा म्हणजे तू! ये, ये, बस. हिवाळाभर तुझं लोणी खातोय मी."

"मग लामाजी, ते तुमचे रोजचे संदेश..." ती अडखळली. "माझी लेक... म्हणजे नको असं नाही, पण..."

"कसले संदेश?"

दुलमाने फोन पुढे केला. लामांनी चष्मा शोधला, तो त्यांच्या कपाळावरच होता. फोन लांब धरून, जवळ धरून त्यांनी शेवटचा संदेश वाचला, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे मी नाही पाठवलं, मुली. मला यातलं हिरवं बटण कुठलं तेसुद्धा शिष्याला विचारावं लागतं. आणि हे काय? आज ड्रॅगनचा दिवस? कुणी सांगितलं?" त्यांनी मांडीवरचं रेशमात गुंडाळलेलं पंचांग सोडलं, पानावरून बोट फिरवलं. "आज कोंबड्याचा दिवस आहे. आणि दिवस वाईट. प्रवासाला वाईट, केसांना वाईट, नव्या कामाला वाईट. आज माणसाने बटणसुद्धा शिवू नये."

"आम्ही प्रवासच करून आलोय," गोम्बो पुटपुटला.

दुलमा पायरीवर मटकन बसली. म्हणजे संदेश लामाजींचे नव्हतेच. कुणा परक्याने, कुठल्या तरी दुकानातून, दिवसांची फळं मीठ-साखर विकावी तशी विकली होती. आणि ती खोटी होती. खोऱ्यातले सगळे मुक्काम, सगळी जावळं तिच्या शब्दावर झाली होती. "या गोम्बोच्या पोराचं जावळ मी सांगितलेल्या दिवशी काढलं हो," ती कशीबशी म्हणाली.

"कसं आहे पोर?" लामांनी गोम्बोला विचारलं.

"लय कुरूप," गोम्बो म्हणाला. "खातंय, पळतंय, काल घोड्यावरून पडलं आणि पुन्हा चढलं."

"मग झालं तर. केसांना पंचांग वाचता येत नाही."

पण दुलमाचं समाधान होईना. "मी रोज आभार मानत होते लामाजी. हिवाळाभर. रोज टेकडीवर जाऊन. एकही सकाळ चुकवली नाही. आणि तिकडे कुणी नव्हतंच. मग माझ्या लेकीवर इतके दिवस छत्र कुणाचं होतं?"

म्हाताऱ्या लामांनी लोण्याची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"ऐक. पहिल्यांदा तुझं लोणी आलं तेव्हा मला काही कळेना. ड्रायव्हर म्हणाला, दुलमाने दिलंय, तुम्हाला कळेल. मला काडीचं कळलं नाही. कोण दुलमा, मी तिचं काय केलंय? शिष्याला विचारलं, त्याने वही पाहून सांगितलं की लेकीसाठी पाठ करून घेतलाय. पाठ तर एकदाच व्हायचा होता, झाला होता. पण दर मालमोटारीला लोणी यायला लागलं. आता फुकटचं लोणी माझ्या घशाखाली कसं उतरणार? मलाही आईनेच वाढवलंय. भांडं रिकामं कसं ठेवू?" ते हसले. "तेव्हापासून रोज सकाळी मी तुझ्या लेकीचं नाव घेऊन पाठ करतो. उयांगा ना? आज सकाळीही केलाय. मी म्हातारा झालोय, कधी कधी राजधानीतल्या मोठ्या लोकांची नावं विसरतो. पण त्यांचं लोणी येत नाही."

दुलमाने खाली वाकून लामांच्या झग्याची कड कपाळाला लावली आणि तशीच राहिली. म्हणजे टेकडीवरून पाठवलेलं सगळं भलत्याच्या घशात गेलं होतं, पण मालमोटारीतून गेलेलं मात्र नीट पोचलं होतं, आणि दुपटीने परत आलं होतं, तिला न सांगता. तिला या म्हाताऱ्याबद्दल, त्या ड्रायव्हरबद्दल, आपल्या गायींबद्दलसुद्धा इतकं भरून आलं की रडावं की हसावं तेच तिला उमजेना.

"जा आता," लामा म्हणाले. "ते भूत फोनमधून काढून टाक. पाठ माझ्याकडे चालू राहील. आणि लोणी जरा कमी खारट करत जा."

फोनचं दुकान त्याच रस्त्याला होतं. गल्ल्यावर सोलोंगो नावाची पोरगी होती, नखं रंगवलेली, तोंडाने फटकळ. तिने फोनवर बोटं चालवली आणि सुस्कारा सोडला.

"मावशी, तुम्ही उत्तर पाठवलंत का याला?"

"रोज."

"रोज? अहो, एकदा पाठवलं की ते चिकटतात. रोजच्या संदेशाचे वेगळे कापतात, तुमच्या उत्तराचे वेगळे. फोन उधारीत गेलाय तुमचा. कशाला पाठवायचं उत्तर?"

"कुणी रोज सकाळी आपलं भलं चिंततंय आणि आपण तोंडाला कुलूप लावून बसायचं? मला काय लांडग्यांनी वाढवलंय?"

सोलोंगो काहीतरी फटकळ बोलणार होती, ती थांबली. "खालच्या खोऱ्यातल्या का तुम्ही? पंचांगवाल्या दुलमामावशी? माझी ताई तिकडेच दिलीय. तिचं सामान हलवायचा दिवस तुम्हीच काढून दिला होता. चहा पाजला होता म्हणे, वर वड्यांची पिशवी बांधून दिली होती."

"तो दिवस चुकीचा होता गं," दुलमा ओशाळून म्हणाली.

"असेल. पण जागा चांगली मिळाली तिला." सोलोंगोने एक आकडा दाबला, एक शब्द पाठवला. 'थांबवा.' एवढाच. "झालं, गेलं ते. आता उधारी फेडायला युनिट हवेत. युनिटची कार्डं मात्र संपलीयत माझ्याकडची, मोटार परवा येईल."

गोम्बोने खिसे उलटे करून दाखवले. त्याचे युनिट सकाळीच गिळले गेले होते. परवा. तोपर्यंत उयांगा किती वेळा लावेल आणि किती वेळा त्या गोड बाईचा आवाज ऐकेल?

सोलोंगोने स्वतःचा फोन काढला. "थांबा मावशी." आणि दुकानात मेणबत्त्या, तांदूळ, बॅटऱ्या घ्यायला आलेल्या माणसांकडे वळून ओरडली, "ए, खालच्या खोऱ्यातल्या दुलमामावशी आहेत या! लेक कोरियात बाळंत होतेय, फोन बंद पडलाय. ज्याच्याकडे असतील त्याने युनिट पाठवा!"

एका टोपीवाल्या म्हाताऱ्याने आधी विचारलं, "जावळाचा दिवस सांगणारी ती का?" आणि फोन काढला. मग एका शाळामास्तरणीने. मग कुणीतरी बाहेर जाऊन आणखी दोघांना बोलावून आणलं. दुलमाचा फोन गल्ल्यावर ठेवला होता. टिंग झालं की ती दचकायची, आता खाल्ले, आता खाल्ले. पण या वेळी काही खाल्लं गेलं नाही. टिंग, टिंग, टिंग. नुसतं येतच होतं.

"सुरू झाला," सोलोंगो म्हणाली.

आणि मग कुणी काही बोलायच्या आत फोन खणखणला. नंबर लांबलचक, परदेशाचा. दुलमाने दोन्ही हातांनी उचलला.

"आई! अगं किती दिवस लावतेय मी! कुठे होतीस?"

"इथेच आहे गं राणी, इथेच. तू कशी आहेस?"

"मी बरी आहे. आई, मुलगी झाली. आज सकाळी."

दुलमाने फोन कानाशी आणखी घट्ट धरला. दुकानातली माणसं जवळ सरकली. तिने विचारलं, "कशी आहे?"

पलीकडे उयांगा हसत होती, रडत होती. "कुरूप आहे गं आई. इतकी कुरूप आहे, काय सांगू."

दुलमाने डोळे मिटले. गालांवरून पाणी वाहत होतं. "कुरूप आहे," तिने दुकानाला सांगितलं, आणि अख्खं दुकान ओरडलं. टोपीवाल्या म्हाताऱ्याने टोपी काढून पुन्हा घातली.

"आई," उयांगाचा आवाज जरा बारीक झाला. "इथे कुणाला विचारणार? तुला कळतं म्हणून विचारते. आजचा दिवस कसा आहे गं?"

दुलमाने डोळे उघडले. समोर गोम्बो उभा होता. कोंबड्याचा दिवस. प्रवासाला वाईट, केसांना वाईट, नव्या कामाला वाईट, आज बटणसुद्धा शिवू नये. लामांनी स्वतःच्या पंचांगात बघून सांगितलं होतं, आणि त्या दोघांनीच ते ऐकलं होतं. आजवर दुलमाने कुणाला जाणूनबुजून खोटा दिवस सांगितला नव्हता.

"चांगला आहे," ती म्हणाली. "फार चांगला दिवस आहे, पोरी. असा दिवस वर्षात येत नाही."

"खरंच?"

गोम्बोने पुढे वाकून, हिवाळाभर पंचांगाची टिंगल करणाऱ्या गोम्बोने, फोनमध्ये तोंड घालून दणकून सांगितलं, "खुद्द लामाजींनी पंचांग उघडून सांगितलंय! मी स्वतः ऐकलंय!"

फोन संपल्यावर दुलमाने नाक पुसलं, देल सारखा केला आणि गल्ल्यापाशी उभी राहून एकेक अक्षर दाबायला लागली. ज्याने ज्याने युनिट पाठवले होते त्या प्रत्येकाला. 'उपकार झाले. आपल्याला उदंड आयुष्य लाभो.'

"मावशी, नका ना पाठवू," सोलोंगो म्हणाली. "समोरच तर उभी आहेत सगळी. उगाच युनिट जातील."

"जाऊ देत," दुलमा म्हणाली आणि पुढचं नाव विचारलं.